अमोल, तुला कावीळ झालीच नव्हती

अमोल, तू गेल्यापासून घरी बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय एकच सांगत होती. कावीळ उलटली. पदर डोळ्यांना लावायचा, नाक पुसायचं आणि सांगायचं, "उन्हाळ्यात झालती ना, तेच उलटली बाप्पा. आतल्या आत खाऊन टाकलं लेकराले." बायका चुकचुकायच्या. कोणी म्हणायची पथ्य मोडलं असंल, कोणी म्हणायची तेलकट खाल्लं असंल. आणि मी, तुझी थोरली बहीण, मेहकरचं शिलाईचं दुकान बंद ठेवून माहेरी येऊन बसलेली, आत चहाचं आधण ठेवत दातओठ खाऊन ऐकायची. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गप्प बसणं मला जमत नाही. तरी बसले.

कावीळ म्हणे! तुझे डोळे कधी पिवळे झाले होते रे? लाल झाले होते. पाण्याने भरले होते. त्या डोळ्यांकडे मी जितकं पाहिलं तितकं मायनेही पाहिलं आहे, आणि तरी ती बाई भिंतीला टेकून बसून सगळ्यांना कावीळ सांगत होती.

कंबरेपासून सुरू झालं सगळं. पिकअप घेतल्यावर तू आपल्या मळ्यातली मिरची आणि गावातल्या लोकांची वांगी, टमाटे बाजारात न्यायला लागलास. टमाट्याचे क्रेट उतरवताना कंबरेत उसण भरली, आणि बाजारातल्या कुण्या ड्रायव्हरने तुला एक कॅप्सूल दिली. कंबर थांबली. झोप उडाली, अंगात हुशारी आली. तू फोनवर म्हणालास, "ताई, जादू हाये जादू." आणि मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, मशीनीवर बसून बसून माह्यीबी कंबर मोडली, एखादी मलेबी पाठव. केवढे हसलो होतो आपण त्यावर.

मग एकदा तू दुकानात आलास. गिऱ्हाईक नव्हतं, मी ब्लाऊज कापत होते. तू स्टुलावर बसलास आणि जांभयांवर जांभया द्यायला लागलास. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, हातावर काटा उभा. मी म्हणाले, सर्दी झाली का रे? तू म्हणालास, "सर्दी नाई ताई. सकाळपासून ते कॅप्सूल घेतली नाई ना, म्हून होऊन राह्यलं असं. सुटत नाई वं ते मले." माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. एक सांगू? तू सगळ्यात आधी माझ्याकडे आलास. मायकडे नाही, मित्राकडे नाही. त्या दिवशी मला इतका राग आला होता की हे लक्षातच आलं नाही. आता रोज येतं.

मी तिथल्या तिथे शटर ओढलं. म्हणाले, चाल, बुलढाण्याले जाऊ, सरकारी दवाखान्यात. तू जागचा हलला नाहीस.

"तिथं केसपेपर काढा लागते, ताई. नाव पुकारतेत. आपल्या गावचं कोणी ना कोणी त्या बाकड्यावर बसलेलं असतेच. दुपारच्या आत गावात फोन जाईन."

"मंग जाऊ दे ना! कोणाच्या बापाचं खाल्लं आपण?"

"पागल झाली का तू? पोरगी पाहून राह्यले ना माह्यासाठी. शेतीवाल्या पोराले तसंबी कोणी हो म्हणत नाई. त्यात हे कळलं तर झालंच."

यात खोटं काहीच नव्हतं. लोणारकडचे पाहुणे आले होते, मोताळ्याकडचे आले होते. पोहे खाल्ले, मळा पाहिला, विहिरीचं पाणी पाहिलं, पोरगा काय करतो विचारलं, आणि कळवतो म्हणून गेले ते गेलेच. मी तरी भांडले. घरी येऊन मायसमोर भांडले. माय तुझ्या बाजूने उभी राहिली आणि तुम्ही दोघं जिंकलात. ठरलं, शेतातल्या खोलीत राहायचं, मायने आणि मी सांभाळायचं, आणि गावाला सांगायचं कावीळ झाली. कावीळ ही मायची कल्पना. कावीळ म्हटलं की पोरगा पडून राहतो, उलट्या करतो, खात नाही, वाळतो, आणि कोणी काही विचारत नाही. कोणाच्या सोयरिकीच्या आड कावीळ येत नाही. इतकी फिट बसली की घटकाभर मलाही पटली.

पहिला दिवस तू मस्करी करत काढलास. "ताई, जांभया मोज माह्या, रेकॉर्ड होऊन राह्यला." मग मस्करी संपली. पाय खाटेवर आपटायला लागलास. म्हणायचास, हाडांतून मुंग्या चालून राह्यल्या, पाय तोडून फेका माहे. माय तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीने शेकायची, मी पोटऱ्या दाबायची, आणि तू आम्हा दोघींना ढकलून द्यायचास. घामाने चादर ओली, आणि त्याच घामात थंडीने दात वाजायचे. लिंबू-साखर-मिठाचं पाणी पाजलं की उलटून यायचं. पेज पाजली की तीही यायची. पोट तर काही धरतच नव्हतं. दुकानातून मी कापडाच्या चिंध्यांचं एक पोतं आणलं होतं, कोणाकोणाच्या ब्लाऊजची, काठाची, अस्तराची कात्रणं. त्यानेच तुला पुसायची आणि बांधावर नेऊन जाळायची. तू तोंड भिंतीकडे करायचास. "तू जा ताई. तुह्यासमोर नको." मी म्हणायची, लहानपणी कोण धुवत होतं तुले, शेजारीण? तरी तुझी मान वळायची नाही.

आणि मग तू मागायला लागलास. एक दे. अर्धी दे. गाडीच्या सीटखाली असंल, पाहून ये. हात जोडलेस, माझे पाय धरलेस. मी नाही म्हणाले तेव्हा तुझा चेहराच बदलला. शिव्या दिल्यास त्या मी इथे लिहीत नाही, त्या तुझ्या नव्हत्या. पण एक वाक्य तुझं होतं. "तुले लेकरू नाई म्हून तू मले धरून बसली." माय एकदम म्हणाली, "अमोल!" आणि मी बाहेर जाऊन विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली डोकं धरलं. परत आले, पुन्हा पोटऱ्या दाबल्या. नंतर तू बरा झाल्यावर ते वाक्य आपल्यात कधीच निघालं नाही. तू काढलं नाहीस, मी काढू दिलं नाही. आज सांगते अमोल, मला ते लागलं होतं, फार लागलं होतं. पण ते खरंही होतं. तुलाच धरून बसले होते मी.

तेवढ्यात ते माळेचं झालं. मी कितीही ठरवलं तरी माळेची गोष्ट रडत सांगता येत नाही. गावात कळलं अमोलला कावीळ झाली, लगेच माळकऱ्यांचा दामू शेजारच्या गावातल्या बाबाला गाडीवर बसवून थेट शेतात घेऊन आला. आता काय करायचं? माघारी कसं पाठवायचं? त्या बाबाने तुझ्या डोक्यावर ती झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात गुंफलेली माळ ठेवली. ती आपोआप वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि माळ उतरते तशी कावीळ उतरते, असं आपल्याकडे सगळेच मानतात. तुझं थरथरणं पाहून बाबा म्हणाला, "लय मुरली हाये याच्या अंगात." तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. बाबा बांधापलीकडे जातो न जातो तोच आपण दोघं हसत सुटलो. हसता हसता तू ओकलास आणि ओकता ओकता हसलास. मायने दोघांनाही झापलं. दुसऱ्या दिवशी माळ खरंच गळ्यात आली होती. तू म्हणालास, "पाय ताई, नसलेली कावीळ उतरून राह्यली."

मग काय, येणाऱ्यांची रीघ. कोणी उसाचा रस आणला, कोणी फुटाणे, कोणी मुळ्याचा पाला. सगळी माणसं चांगल्या मनाने आली आणि तुला नसलेल्या दुखण्यावर इलाज करून गेली. तुझं खरं दुखणं आम्ही दोघींनी आत लपवून ठेवलं होतं. त्यातच एकदा तुझे डोळे वर गेले, ओठ सुकून पांढरे पडलेले, हाक मारली तरी ओ नाही. मी चप्पल न घालता रस्त्याकडे धावले, ऑटो थांबवायला. मायने मागून येऊन हात धरला. "थांब वं, गावात बोभाटा होईन." आम्ही दोघी बांधावर झटापट करत होतो आणि तू आत बेशुद्ध. परत आलो तर डोळे उघडले होतेस, पाणी मागितलंस. माय म्हणाली, पाह्यलं? मी पाहिलं ना. तू वाचलास हे पाहिलं. थोडक्यात वाचलास हे पाहायचं राहून गेलं.

उतरलं शेवटी. तू भाकर मागितलीस तेव्हा मायने शेताच्या म्हसोबाला नारळ फोडला. गावात तुला किती दिवस बिनतेलाचं वरण खावं लागलं, कारण लोक ताटात डोकावायचे. तू कुरकुरायचास, "व्यसन सुटलं, पण हे कावीळ काही सुटत नाई." मग एकदा पातीच्या कांद्याची जुडी घेऊन दुकानात आलास. काहीतरी बोलायचं होतं तुला. जुडी मशीनीवर ठेवलीस, सुईत दोरा ओवून दिलास, आणि गेलास. मी पण विचारलं नाही. ती भाजी मी एकटीने बसून खाल्ली, आणि खूप बरं वाटलं होतं मला.

पण भांडण संपलं नव्हतं आपलं. मी म्हणत होते, आतातरी डॉक्टरला दाखव. तू म्हणत होतास, "सुटली ना, मंग आता कायचा डॉक्टर? तू मले जन्मभर बिमार म्हणशील का?" सगळं गाव म्हणत होतं अमोलची कावीळ उतरली, आणि ऐकून ऐकून तुलाही तसंच वाटायला लागलं होतं. आली होती, गेली. आपली चूक तीच झाली बघ. आपण लोकांना फसवायला निघालो आणि आपणच फसलो. तू आत जेवत असताना मी तुझ्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून पाहिला, ते तू दारातून पाहिलंस. राखीला आलास, राखी बांधून घेतलीस, आणि पाणीही न पिता उठलास. इतका राग! मलाही आला. म्हटलं, जा, मले काय गरज पडली.

शेवटचं बोलणं सोयाबीन काढणीतलं. तुझा फोन आला, मागे मळणीयंत्राचा आवाज. "कंबर पुन्हा धरली वं ताई." मी म्हणाले, मायकडून मालिश करून घे, गोळी घेऊ नको. "हाव." मग म्हणालास, "मिरच्या पाठवू का?" मी म्हणाले, नको, घरात पडल्या आहेत. समोर गिऱ्हाईक उभं होतं, मापाचं ब्लाऊज घेऊन. मी फोन ठेवला. पाठव म्हटलं असतं तर तू आला असतास, अमोल. मिरच्यांचं निमित्त करून आला असतास.

तू बाजाराच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी लावलीस. माल उतरवून झाला होता. दुपारची वेळ, सगळेच ड्रायव्हर आडवे होतात तशी सीट मागे करून तू आडवा झालास. बाजूच्या गाडीवाल्याने मला नंतर रडत सांगितलं, "ताई, तो घोरून राह्यला होता. जोरजोरात. आम्ही म्हटलं थकला, झोपू द्या." तोंडावर ऊन येत होतं म्हणून त्याने आपला दुपट्टा तुझ्या तोंडावर टाकला. चांगल्या मनानेच टाकला. घोरणं थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, आता शांत झोप लागली.

पोस्टमॉर्टेमची कापाकापी झाल्यावर डॉक्टरने मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं, त्याच्यापासून लपवून काय करणार होते? तो म्हणाला, सुटलेल्या माणसाचं शरीर जुनं सगळं विसरतं, आधी जितकं पचत होतं तितकं आता पचत नाही. तुमच्या भावाने पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या असाव्यात. ते घोरणं नव्हतं बाई, त्याचा श्वास अडकत होता. मी म्हणाले, हे कोणी आम्हाले सांगितलं काऊन नाई? त्याने शांतपणे विचारलं, "आधी कुठे दाखवलं होतं?"

म्हणून परवा माझ्याने राहवलं नाही. ओसरीत बायका बसल्या होत्या. एकजण म्हणाली, कावीळ लय वाईट, माह्या भाच्याले पण झालती, तोबी घरीच बरा केला आम्ही. घरीच बरा केला, हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. म्हणाले, अमोलले कावीळ झाली नव्हती. तो गोळ्या खात होता, नशेच्या. आम्ही त्याले शेतातल्या खोलीत कोंडून सोडवलं अन् गावाशी खोटं बोललो. तो त्याच गोळ्यांनी मेला. माय ओरडली नाही, उठली नाही. एवढंच म्हणाली, "मेल्यावरबी सोडलं नाई तूनं त्याले." बायका एकेक करून पदर सावरत उठल्या. काल दिवसभर बसायला कोणी आलं नाही. चहाचं भांडं पालथंच होतं. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की मी काय करून बसले हे? तुला सुखाने कावीळही होऊ दिली नाही मी.

आज सकाळी मागच्या दाराने सुमनकाकू आली. मागच्या गल्लीतली, निखिलची आई. निखिल म्हणजे तुझ्या मागे मागे, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणत फिरणारा, आता लग्नाच्या वयाला आलेला. दार लोटून घेतलं आणि उंबऱ्यातच बसली. मला वाटलं, बोलणी ऐकवायला आली. ती म्हणाली, "अमोलले उलट्या होत होत्या तवा तुम्ही काय पाजलं होतं वं? थांबतच नाईत. कालपासून कोंडलं निखिलले. पाय आपटून राह्यला, मोठ्यानं रडून राह्यला. आम्ही सांगतलं, डेंगू झाला."

मागून आवाज आला. माय उठून बसली होती. केस मोकळे, डोळे सुजलेले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा नीट बोलली. "काही पाजू नको, सुमन. दवाखान्यात ने त्याले." मग माझ्याकडे वळली. "तू काऊन उभी हाये? जा ना सोबत."

ऑटो करून गेलो बुलढाण्याला. निखिल मध्ये, काकू आणि मी दोन्ही बाजूंनी. पोरगा माझ्या खांद्यावर डोकं घासत होता आणि मी त्याला घट्ट धरलं होतं, तुला धरायची तसंच. केसपेपर काढला. नाव पुकारलं. तपासणीच्या खोलीसमोरच्या बाकड्यावर, तू म्हणाला होतास तसंच, आपल्या गावची दोन माणसं बसलेली. आमच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. निखिलने खाली मान घातली. काकूने पदर ओढून तोंड झाकलं. डॉक्टरीण बाईंनी दारातूनच विचारलं, काय होतंय? काकू "ताप..." म्हणाली, आणि थांबली.

"तुम्ही कोण पेशंटच्या?" बाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, "मी अमोलची बहीण."

"अमोल कोण?"

मग मी सांगितलं. तुझं पूर्ण नाव, आपल्या गावाचं नाव, गोळ्या, शेतातली खोली, लिंबाखालची गाडी, सगळं. बाकड्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, अमोल. निखिलने मान वर केली आणि स्वतःहून उठून आत गेला.